जुने फर्निचर नव्या घरात : पारख, दुरुस्ती आणि जपणूक

नवी दिल्ली : शहरांतील वाडे, बंगले आणि जुन्या इमारती पाडून त्या जागी बहुमजली संकुले उभी राहत असताना त्या घरांतील सागवानी पलंग, शिसवी कपाटे, वेताच्या खुर्च्या आणि झोपाळे यांचे काय करायचे, हा प्रश्न अनेक कुटुंबांपुढे उभा राहतो. काही वस्तू भंगारात जातात, काही जुन्या बाजारात पोहोचतात, तर काही तेथून दुरुस्त होऊन एखाद्या नव्या सदनिकेच्या दिवाणखान्यात येतात. गृहसजावटीच्या क्षेत्रात अशा जुन्या वस्तूंना सध्या चांगली मागणी आहे. मात्र वस्तू जुनी आहे एवढ्यावरून ती मौल्यवान ठरत नाही. जुन्या फर्निचरचे खरे बळ त्याच्या लाकडात आणि त्याच्या बांधणीत असते. सांधा उकलून पुन्हा बसवता येतो, तुटलेला पाय बदलता येतो, पॉलिश उतरवून पुन्हा चढवता येते. ही दुरुस्त होण्याची क्षमता ओळखून वस्तू घेतली, तर ती आणखी एक-दोन पिढ्या वापरता येते. ती न ओळखता केलेली दुरुस्ती वस्तूचे आयुष्य आणि मोल दोन्ही संपवते.

अँटिक, व्हिंटेज आणि जुने

बाजारात ‘अँटिक’ आणि ‘व्हिंटेज’ हे शब्द सरसकट वापरले जातात. त्यांपैकी पहिल्याला भारतात कायद्याचा आधार आहे. पुरावशेष व कलानिधी अधिनियम, १९७२ नुसार ऐतिहासिक किंवा कलात्मक महत्त्वाची आणि किमान शंभर वर्षे अस्तित्वात असलेली वस्तू पुरावशेष ठरू शकते. ‘व्हिंटेज’ या शब्दाला अशी कायदेशीर व्याख्या नाही. शंभर वर्षांहून कमी वयाच्या, पण आपल्या काळाची शैली स्पष्टपणे दाखवणाऱ्या वस्तूंना व्यापारात हे विशेषण लावले जाते. १९३० ते १९५० च्या दरम्यानची गोलसर कडांची आर्ट डेको कपाटे किंवा १९५० आणि १९६० च्या दशकांतील साध्या, सरळ रेषांच्या खुर्च्या या वर्गात मोडतात.

याशिवाय आणखी दोन प्रकार बाजारात आढळतात. पाडलेल्या घरांच्या तुळया, खांब आणि दारे यांच्या लाकडापासून नव्याने तयार केलेल्या वस्तू हा एक प्रकार. त्यात लाकूड जुने, पण बांधणी नवी असते. दुसरा प्रकार म्हणजे जुन्या नमुन्यावरून बनवलेली आणि मुद्दाम झिजवलेली नवी प्रतिकृती. हे दोन्ही प्रकार वापरायला चांगले असू शकतात. मात्र त्यांची किंमत अस्सल जुन्या वस्तूच्या तोडीची असू नये. चारही प्रकारांतील भेद ग्राहकाला ठाऊक असणे, ही खरेदीची पहिली पायरी होय.

भारतीय घरांतील वारसा

भारतीय घरात बसणे, जेवणे आणि निजणे हे व्यवहार दीर्घकाळ जमिनीलगतच होत असत. त्यामुळे पाट, चौरंग, बाज, झोपाळा, देव्हारा, फडताळ आणि पेटारा एवढेच फर्निचर सर्वसाधारण घरांत असे. खुर्ची, उंच मेज आणि आरशाचे कपाट या वस्तू युरोपीय संपर्कातून रुळल्या. स्थानिक सुतारांनी त्या आपल्या लाकडात आणि आपल्या नक्षीत घडवल्या. त्यातून प्रत्येक प्रदेशाची वेगळी ओळख तयार झाली.

गोव्यात पोर्तुगीज काळात सागवानावर आबनूस आणि हस्तिदंत यांचे जडावकाम केलेली अनेक खणांची कपाटे बनत असत. चांदर येथील मेनेझिस ब्रागांझा यांच्या घरासारख्या जुन्या वास्तूंमध्ये इंडो-पोर्तुगीज परंपरेचे फर्निचर आजही पाहायला मिळते. एकोणिसाव्या शतकात मुंबईत शिसवी लाकडावर दाट पानाफुलांची नक्षी कोरलेल्या खुर्च्या, कोच आणि मेजे तयार होत. ‘बॉम्बे ब्लॅकवुड’ या नावाने ते काम परदेशातही ओळखले जाई. गुजरातमध्ये संखेडा येथील खरादावर उतरवलेल्या आणि लाखेचे रंग चढवलेल्या फर्निचरला भौगोलिक मानांकन लाभले आहे. तेथील पाळणे आणि झोपाळे गुजराती घरांचे वैशिष्ट्य मानले जातात. केरळात आणि कोकणात सागाबरोबरच फणसाच्या लाकडाचा वापर झाला. मळ्यांच्या प्रदेशांत लांब हातांची, पाय पसरून बसता येईल अशी आरामखुर्ची प्रचलित झाली.

लाकडाबरोबरच पोलादी वस्तूही आता या वारशाचा भाग झाल्या आहेत. गोदरेज कंपनीने १९२३ मध्ये पोलादी कपाटांचे उत्पादन सुरू केले. लग्नात मुलीला दिलेले असे कपाट अनेक मध्यमवर्गीय घरांत अजूनही वापरात आहे. गंज काढून आणि पावडर कोटिंगने नवा रंग देऊन त्याचे रूप पालटता येते.

जुन्या सागवानाचे आकर्षण निव्वळ भावनिक नाही. नैसर्गिक जंगलात सावकाश वाढलेल्या मोठ्या वृक्षात गाभ्याचे पक्के लाकूड भरपूर असते. या गाभ्यातील नैसर्गिक तेलांमुळे पाणी आणि वाळवी यांना तोंड देण्याची शक्ती येते. लागवडीतील आणि लवकर तोडलेल्या झाडात सालीलगतच्या कच्च्या लाकडाचे प्रमाण अधिक राहते. ब्रह्मदेशी सागाचे ओंडके तर आता मिळेनासे झाले आहेत, कारण म्यानमारने १ एप्रिल २०१४ पासून कच्च्या ओंडक्यांच्या निर्यातीवर बंदी घातली. त्यामुळे त्या प्रतीचे लाकूड जुन्या घरांत आणि जुन्या वस्तूंतच शिल्लक आहे.

वस्तू येतात कोठून

जुन्या फर्निचरचे बाजार देशाच्या बहुतेक मोठ्या शहरांत आहेत. मुंबईत भेंडी बाजाराजवळील मटन स्ट्रीटचा चोर बाजार आणि जोगेश्वरी पश्चिमेकडील ओशिवरा, दिल्लीत लाजपतनगरजवळची अमर कॉलनी, पुण्यात जुना बाजार, अहमदाबादेत साबरमतीकाठचा रविवारचा गुजरी बाजार आणि कोलकात्यात रसेल स्ट्रीटवरील लिलावगृहे ही त्यांतील परिचित ठिकाणे. कोचीतील मट्टानचेरी आणि तामिळनाडूतील कारैकुडी येथे दाक्षिणात्य घरांचे खांब, दारे आणि पेटारे विक्रीस असतात. जोधपूरमध्ये जुन्या लाकडापासून नव्या वस्तू घडवण्याचा व्यवसाय मोठा असून तेथून निर्यातही होते.

या बाजारांमागे घरे मोकळी होण्याचा इतिहास आहे. कारैकुडीचे उदाहरण या दृष्टीने बोलके ठरते. चेट्टिनाड प्रदेशातील नाट्टुकोट्टै चेट्टियार सावकारांनी ब्रह्मदेश, मलाया आणि श्रीलंकेतील व्यवहारांतून मिळवलेल्या संपत्तीवर प्रशस्त घरे बांधली. त्यांसाठी ब्रह्मदेशी सागाचे खांब आणले गेले. दुसऱ्या महायुद्धात जपानने ब्रह्मदेश जिंकला आणि त्या व्यापाराचा कणा मोडला. पुढे वारसांची संख्या वाढली, कुटुंबे चेन्नईला आणि परदेशी गेली, घरांची देखभाल परवडेना. अनेक घरे उतरवली गेली आणि त्यांतील एकेक खांब, एकेक दार बाजारात आले. पुण्यातील वाडे, अहमदाबादच्या पोळी आणि केरळातील तरवाडे यांच्या बाबतीतही थोड्याफार फरकाने हेच घडले. जुनी वस्तू घरी आणणाऱ्याने ती कोणत्या घरातून, कोणत्या प्रसंगाने बाहेर पडली हे विचारून घ्यावे. त्या माहितीने वस्तूचे मोल वाढते आणि चोरीचा माल विकत घेण्याचा धोकाही टळतो.

चंदीगडचा धडा

आपल्याकडील जुन्या फर्निचरकडे कसे पाहिले जाते, याचा सर्वांत ठळक दाखला चंदीगडने घालून दिला. स्वातंत्र्यानंतर पंजाबची नवी राजधानी उभारण्याचे काम ल कोर्बुझिए यांच्याकडे आले. त्यांचे चुलतभाऊ आणि सहकारी पिएर जान्नरे १९५१ ते १९६५ या काळात चंदीगडमध्ये राहिले. सचिवालय, उच्च न्यायालय, विद्यापीठ, ग्रंथालये आणि वसतिगृहे यांच्यासाठी त्यांनी आणि युली चौधरी यांच्यासारख्या भारतीय सहकाऱ्यांनी फर्निचरचे आराखडे तयार केले. सागवान आणि वेत यांतून स्थानिक सुतारांनी ते घडवले. खुर्चीचे तिरके, उलट्या ‘व्ही’च्या आकाराचे पाय ही त्याची खूण. खर्च बेताचा, सांधे भक्कम आणि दुरुस्ती सोपी, असा त्यामागील विचार होता.

पुढे धातूच्या आणि प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या. मोडलेले सागवानी फर्निचर गच्च्यांवर आणि गोदामांत साचू लागले आणि भंगाराच्या दराने लिलावात निघाले. युरोपातील काही व्यापाऱ्यांनी ते विकत घेतले, त्याची डागडुजी केली आणि पॅरिस, लंडन, न्यूयॉर्क येथील लिलावांत त्याला लाखो रुपयांची बोली लागली. हे लक्षात आल्यावर केंद्रीय गृह मंत्रालयाने २०११ मध्ये या वारसा फर्निचरच्या विक्रीला आणि लिलावाला मनाई केली. त्यानंतर शहरातील अशा वस्तूंची सूची तयार झाली. तिच्यात बारा हजारांहून अधिक नोंदी आहेत. तरीही परदेशांतील लिलाव थांबले नाहीत. या वस्तूंचे वय शंभर वर्षांहून कमी असल्याने त्यांना पुरावशेष कायद्याचे संरक्षण मिळत नाही, ही त्यातील मुख्य अडचण.

या प्रकरणात घरगुती वापरासाठीही एक सूचना दडलेली आहे. चंदीगडच्या अनेक खुर्च्यांवर विभागाचे नाव आणि क्रमांक रंगाने लिहिलेले आढळतात. कार्यालयीन नोंदीसाठी काढलेली ती अक्षरे आज खुर्चीच्या अस्सलपणाचा पुरावा मानली जातात. पॉलिश करताना जी अक्षरे खरवडून टाकली गेली, त्यांच्याबरोबर तो पुरावाही गेला. आजोबांच्या मेजाखाली चिकटवलेली दुकानाची पट्टी, पेटाऱ्याच्या झाकणावर कोरलेले नाव किंवा कपाटाच्या कुलपावरील निर्मात्याचा ठसा यांचेही तसेच आहे.

खरेदीपूर्वी काय पाहावे

वस्तूचा दर्शनी भाग शेवटी पाहावा, असे या व्यवसायातील जाणकार सांगतात. आधी ती उलटी करून तळ पाहावा, खण पूर्ण बाहेर काढून त्याचा मागचा भाग तपासावा आणि कपाटाची पाठ न्याहाळावी. या झाकलेल्या जागांवर सहसा पॉलिश नसते. तेथे लाकडाचा मूळ रंग, रेषे आणि वजन यांचा अंदाज येतो. समोर शिसवी दिसणारी वस्तू मागे फिकट आणि हलक्या लाकडाची निघाली, तर रंग देऊन शिसवीचा आभास निर्माण केल्याची शंका घ्यावी.

सांधे हा दुसरा निकष. जुन्या बांधणीत एका लाकडाची कूस दुसऱ्याच्या भोकात घट्ट बसवलेली असते आणि अनेकदा त्यातून लाकडी खुंटी ठोकलेली असते. खणांच्या कोपऱ्यांवर पारव्याच्या शेपटीसारखे दिसणारे डव्हटेल सांधे असतात. हाताने कापलेले हे दात किंचित असमान असतात. यंत्राने कापलेले अगदी एकसारखे दिसतात. स्क्रूही बरेच सांगून जातो. अधिक चिन्हाच्या आकाराची खाच असलेला स्क्रू १९३० च्या दशकानंतरच प्रचारात आला. एकोणिसाव्या शतकातील म्हणून दाखवलेल्या कपाटात असे स्क्रू असतील, तर किमान तो भाग तरी नंतर बदललेला आहे.

तिसरी बाब किडीची. लाकडावर बारीक छिद्रे असणे हे जुन्या वस्तूत वावगे नाही. छिद्रांच्या कडा गडद आणि आत धूळ बसलेली असेल, तर कीड बहुधा केव्हाच गेलेली असते. छिद्रे ताजी, फिकट कडांची असतील आणि वस्तूखाली पिठासारखा भुगा पडत असेल, तर भुंगेरे अजून आत आहेत असे समजावे. अशी वस्तू घरातील इतर लाकडापासून दूर ठेवून प्रशिक्षित कीडनियंत्रकाकडून उपचार करून घ्यावेत. वाळवीचा उगम बहुधा जमिनीत किंवा ओलसर भिंतीत असतो. त्यामुळे कपाट भिंतीला टेकवून न ठेवता मध्ये चार बोटे अंतर सोडणे हिताचे.

डळमळणारी खुर्ची पाहून मात्र घाबरण्याचे कारण नाही. सैल सांधा ही दुरुस्त होणारी गोष्ट आहे. मुख्य चौकट वाकलेली, लाकूड आतून पोखरलेले किंवा महत्त्वाचा भाग गहाळ असेल, तेथेच विचार करावा.

दुरुस्ती : किती आणि कशी

जुन्या वस्तूची दुरुस्ती करताना संग्रहालयांत एक तत्त्व पाळले जाते. जे केले ते पुढच्या माणसाला उलटवता आले पाहिजे. घरगुती वस्तूंनाही ते लागू पडते. पूर्वीचे सुतार प्राण्यांच्या कातड्यापासून आणि हाडांपासून केलेला सरस गरम करून वापरत. उष्णता आणि ओलावा मिळताच हा सरस सैल होतो, त्यामुळे सांधा लाकूड न फाटता उकलतो. तेथे आधुनिक इपॉक्सी ओतला, तर पुढची दुरुस्ती लाकूड कापूनच करावी लागते. सैल सांध्यावर बाहेरून खिळे ठोकणे हा तर सर्वांत वाईट उपाय. त्याने लाकूड चिरते आणि सांधाही घट्ट राहत नाही.

पॉलिशच्या बाबतीत हाच विवेक हवा. जुन्या वस्तूंवर प्रामुख्याने चपडी लाखेचे पॉलिश असे. पळस, बोर आणि कुसुम या झाडांवर वाढणाऱ्या लाखेच्या किड्यांपासून हा पदार्थ मिळतो. लाखेच्या उत्पादनात भारत जगात अग्रेसर असून झारखंड हे त्यातील आघाडीचे राज्य आहे. रांचीजवळ नामकुम येथे लाखेवर संशोधन करणारी संस्था १९२४ पासून कार्यरत आहे. चपडी स्पिरिटमध्ये विरघळवून, कापसाच्या बोळ्यावर मऊ कापड गुंडाळून, तिचे अनेक पातळ हात दिले जातात. त्यातून लाकडाचे रेषे झाकले न जाता उजळतात. या पॉलिशला उष्णता आणि स्पिरिट सोसत नाही. गरम कप ठेवला की पांढरे वळे उमटते. पण तेवढाच भाग पुन्हा पॉलिश करून ते घालवता येते. मेलामाइन आणि पीयू यांचे थर अधिक टणक असतात. तेथे ओरखडा पडल्यास बहुधा संपूर्ण पृष्ठभाग खरवडावा लागतो. रोज पाणी सांडणाऱ्या जेवणाच्या मेजासाठी टणक थर सोयीचा ठरतो. देव्हारा, लिहिण्याचे मेज किंवा कोरीव खुर्ची यांना लाखेचे पॉलिशच शोभते.

वस्तूवर कोणते पॉलिश आहे, हे ओळखण्याची एक सोपी रीत आहे. न दिसणाऱ्या जागी कापसाच्या बोळ्याने थोडे स्पिरिट लावावे. थर चिकट होऊन बोळ्याला रंग लागला, तर ती चपडी. काहीच परिणाम झाला नाही, तर वर आधुनिक लेप आहे असे समजावे. अनेकदा जुने पॉलिश उतरवण्याची गरजही नसते. कोरड्या मऊ कापडाने धूळ झटकून, किंचित ओल्या फडक्याने मळ पुसून आणि वर मेणाचा पातळ हात देऊन वस्तूचे तेज परत येते. यंत्राने घासून लाकूड पांढरे करणे टाळावे. हातांच्या स्पर्शाने आणि काळाने आलेली पृष्ठभागाची छटा एकदा गेली की कोणत्याही रंगाने ती परत आणता येत नाही. कोरीव कामाच्या धारही त्या घासण्यात बोथट होतात.

वेताच्या खुर्च्यांची कथा वेगळी. चौकटीच्या कडेने पाडलेल्या छिद्रांतून भिजवलेला वेत ओढून आठ कोनांच्या भोकांची जाळी विणली जाते. भारतातील अंधशाळांनी आणि दृष्टिहीनांच्या कार्यशाळांनी हे काम शिकवण्याची परंपरा दीर्घकाळ सांभाळली; सरकारी कार्यालयांतील खुर्च्यांचे वेत विणणे हे अनेक दृष्टिहीन कारागिरांचे उपजीविकेचे साधन होते. प्लास्टिकच्या आणि फोमच्या खुर्च्यांनी ते काम कमी झाले. आज तयार विणलेल्या वेताची चटई खाचेत दाबून बसवण्याची पद्धत रूढ आहे. पण ज्या चौकटीला छिद्रे आहेत, तेथे हाताची वीणच टिकाऊ ठरते. जुनी वेताची खुर्ची विणून घेणाऱ्या ग्राहकामुळे एका आटत चाललेल्या कसबाला काम मिळते.

नव्या घरात मांडणी

जुनी वस्तू आणि आजची सदनिका यांची मापे जुळत नाहीत, ही सर्वांत मोठी व्यावहारिक अडचण. पूर्वीची कपाटे सुटी होत नसत. त्यामुळे खरेदीपूर्वी इमारतीची लिफ्ट, जिन्याचे वळण आणि घराचे दार मोजून घ्यावे. जुन्या पलंगांची रुंदी आजच्या तयार गाद्यांशी जमतेच असे नाही. पलंग कापण्यापेक्षा मापाची गादी बनवून घेणे बरे. मच्छरदाणीचे उंच खांब असलेला पलंग घेताना छताकडे पाहणे अगत्याचे आहे. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार राहत्या खोलीची किमान उंची २.७५ मीटर असते आणि बहुतेक सदनिका त्याच्या आसपासच असतात. अशा छताला टांगलेल्या पंख्याची पाती आणि खांब यांत सुरक्षित अंतर राहत नसेल, तर पंख्याची जागा बदलावी.

हवामानाचा विचारही तितकाच महत्त्वाचा. लाकूड लांबीच्या दिशेने फारसे बदलत नाही. पण रुंदीच्या दिशेने ओलाव्यात फुगते आणि कोरड्या हवेत आकसते. कोची किंवा मुंबईच्या दमट हवेत शंभर वर्षे राहिलेले कपाट दिल्लीच्या किंवा जोधपूरच्या कोरड्या हवेत नेले, तर फळ्यांना भेगा पडू शकतात. वातानुकूलन यंत्राचा झोत थेट अंगावर आला तरी हेच होते. दूरच्या प्रांतातून आणलेली वस्तू काही आठवडे नव्या घरात तशीच राहू द्यावी आणि लाकूड स्थिरावल्यावर दुरुस्ती करावी. तिला थेट उन्हापासूनही दूर ठेवावे.

मांडणीत संयम उपयोगी पडतो. लहान खोलीत एकच ठसठशीत जुनी वस्तू आणि भोवती साधे, हलक्या रंगाचे नवे फर्निचर असे प्रमाण ठेवले, तर ती वस्तू उठून दिसते आणि घर दुकानासारखे वाटत नाही. गडद शिसवी लाकडामागे फिकट भिंत असावी. वस्तूचा उपयोग बदलणे हीदेखील जुनी रीत आहे. पेटारा दिवाणखान्यात बसायला आणि अंथरुणे ठेवायला चालतो. काचेच्या फडताळात पुस्तके राहतात. जुने लांबट कपाट दूरचित्रवाणी संचाखाली ठेवता येते. मात्र तारांसाठी त्याच्या पाठीला भोक पाडण्याआधी दुसरी वाट आहे का, हे पाहावे. झोपाळा टांगायचा असेल, तर कड्या मूळ स्लॅबमध्येच बसवाव्यात आणि त्यासाठी बांधकाम अभियंत्याचा सल्ला घ्यावा. जिप्समचे खोटे छत हा भार पेलू शकत नाही.

आरोग्याची बाजू

भरीव लाकडाच्या जुन्या वस्तूत एमडीएफ आणि पार्टिकल बोर्डमध्ये वापरले जाणारे फॉर्मल्डिहाइडयुक्त राळ नसते. अशा बोर्डांतून हा वायू हळूहळू बाहेर पडू शकतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये फॉर्मल्डिहाइडचा समावेश मानवांत कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांत केला. शिवाय कोरड्या लाकडाच्या वजनाचा सुमारे निम्मा भाग कार्बन असतो. वस्तू वापरात राहते तोवर हा कार्बन तिच्यातच राहतो; जळली किंवा कुजली की तो वातावरणात परततो.

दुसरीकडे, रंगवलेल्या जुन्या वस्तूंत शिशाचा धोका संभवतो. भारतात घरगुती आणि सजावटीच्या रंगांतील शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपर्यंत मर्यादित करणारा नियम २०१६ मध्ये अधिसूचित झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्यापूर्वीच्या रंगांत शिसे अधिक असण्याची शक्यता असते. शिशाची कोणतीही पातळी लहान मुलांसाठी सुरक्षित मानता येत नाही. म्हणून रंगवलेला जुना पाळणा, खेळण्यातील घोडा किंवा मुलांची खुर्ची घरी कोरडी घासू नये. त्या धुळीतून शिसे श्वासात आणि हातांवाटे तोंडात जाते. असे काम घराबाहेर, ओल्या पद्धतीने आणि मुखपट्टी लावून कारागिराकडूनच करून घ्यावे. पापुद्रे सुटणारा पाळणा बाळासाठी वापरूच नये.

कायदा काय सांगतो

पुरावशेष व कलानिधी अधिनियम, १९७२ हा ५ एप्रिल १९७६ पासून अंमलात आहे. त्यानुसार खासगी व्यक्तीला पुरावशेषाची निर्यात करता येत नाही आणि पुरावशेषांचा व्यापार करण्यासाठी परवाना लागतो. निर्यातीच्या गुन्ह्याला सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कारावासाची आणि दंडाची तरतूद आहे. कायद्याच्या व्याख्येत इमारतीपासून वेगळ्या काढलेल्या वस्तूंचाही उल्लेख आहे. वाड्याचे कोरीव दार किंवा हवेलीचा खांब शंभर वर्षांहून जुना असेल, तर तो याच कक्षेत येऊ शकतो. परदेशी स्थायिक होणाऱ्या कुटुंबांनी जुने फर्निचर सोबत नेण्यापूर्वी ती वस्तू पुरावशेष नसल्याचे प्रमाणपत्र भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडून घेणे श्रेयस्कर.

शिसवी आणि शिसम यांच्यासाठी आणखी एक बंधन आहे. या दोन्ही वृक्षांचा समावेश असलेली डालबर्जिया ही संपूर्ण प्रजाती २ जानेवारी २०१७ पासून वन्य प्राणी व वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराविषयीच्या ‘साइट्स’ कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आली. त्यामुळे अशा लाकडाच्या वस्तूंच्या निर्यातीला कागदपत्रे लागतात. २०२२ मध्ये पनामा येथील परिषदेत भारताच्या मागणीवरून शिसमाच्या प्रत्येकी १० किलोपेक्षा कमी वजनाच्या वस्तूंना सवलत मिळाली. हस्तिदंताबाबत मात्र कोणतीही ढिलाई नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियमात १९८६ आणि १९९१ मध्ये झालेल्या दुरुस्त्यांनंतर हस्तिदंताचा व्यापार भारतात पूर्णपणे निषिद्ध आहे. जुन्या पेटीवर हस्तिदंताचे जडावकाम असल्यास ती विकणे किंवा विकत घेणे गुन्हा ठरू शकतो.

कुटुंबांनी काय करावे

घर रिकामे करताना जुन्या वस्तूंचा निर्णय बहुधा घाईत, सामान हलवण्याच्या दिवशी होतो आणि तेथेच नुकसान होते. त्याआधी काही आठवडे वस्तूंची यादी करावी, त्यांची छायाचित्रे काढावीत, मापे लिहावीत आणि जुन्या पॉलिशवाल्याला किंवा सुताराला दाखवून लाकूड कोणते आहे हे जाणून घ्यावे. वस्तू कोणी, केव्हा, कोठे बनवून घेतली ही माहिती घरातील वडीलधाऱ्यांकडून विचारून कागदावर उतरवावी आणि तो कागद खणात ठेवावा. ज्या वस्तूला नव्या घरात खरोखर काम आहे ती ठेवावी. उरलेल्या भंगारात देण्यापूर्वी नातेवाइकांना किंवा जुन्या फर्निचरच्या व्यापाऱ्याला विचारावे. वस्तू जीर्ण असली, तरी तिचे लाकूड, बिजागऱ्या आणि कड्या दुसऱ्या वस्तूच्या दुरुस्तीला उपयोगी येतात.

दुरुस्ती करणाऱ्या कारागिराशी बोलणीही स्पष्ट असावीत. मूळ लाकूड किती बदलणार, कोणता सरस आणि कोणते पॉलिश वापरणार, खुणा आणि अक्षरे राखणार का, हे आधी ठरवावे. काढलेले मूळ भाग परत मागून घ्यावेत आणि काम सुरू होण्यापूर्वीची छायाचित्रे जवळ ठेवावीत. दुरुस्तीचा खर्च कधी नव्या वस्तूच्या किमतीएवढाही होतो. अशा वेळी लाकूड आणि सांधे यांचे उरलेले आयुष्य किती, हा विचार निर्णायक ठरावा. चौकट भक्कम असेल, तर त्या खर्चातून घराला आणखी काही दशके वापरता येईल अशी वस्तू मिळते आणि रंधा, पटाशी व लाखेचा बोळा चालवणाऱ्या हातांना कामही मिळते.